पर्यवेक्षक नसलेली परीक्षा

2024 पासून रमजानचा महिना आणि दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा एकमेकांना गाठत आहेत. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो आता फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका परीक्षेच्या हंगामात आला आहे. परभणी, पाथरी, जिंतूर, मानवत, सेलू, पूर्णा, गंगाखेड इथल्या कितीतरी घरांत या दिवसांत पहाटे सहेरीसाठी दिवा लागतो आणि सहेरी झाल्यावर तो विझवला जात नाही. फज्रची नमाज होते आणि मुले तिथेच पुस्तक उघडून बसतात.

मग ती मुले परीक्षा केंद्रावर जातात. दारात त्यांची झडती होते. खिसे, कंपासपेटी, पॅड, सगळे पाहिले जाते. वर्गात पर्यवेक्षक असतो, बाहेर बैठे पथक असते, केव्हाही भरारी पथकाची गाडी येऊन थांबू शकते. अलीकडे कॅमेरे आले, संवेदनशील केंद्रांवर ड्रोनही फिरू लागले. 1982 चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहेच. एवढा बंदोबस्त कशासाठी, तर विद्यार्थ्याने पुस्तकातले चार शब्द चोरून उतरवू नयेत यासाठी.

त्याच वर्गात त्याच बाकावर बसलेले रोजेदार मूल आणखी एक परीक्षा देत असते. मार्चमध्ये परभणीचे ऊन तापू लागलेले असते आणि घशाला कोरड पडते. शेजारच्या बाकावरचा मित्र बाटली उघडून पाणी पितो. या मुलानेही मधल्या वेळेत नळावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तर कोणाला कळणार आहे? त्याच्या मागे पथक नाही, कॅमेरा नाही, घरी विचारणारेही कोणी नाही. तरी ते पाणी पीत नाही.

एकाच मुलाच्या या दोन परीक्षा आहेत. एकीवर पहारा आहे आणि तरी चोरी होते. दुसरीवर पहारा नाही आणि तरी चोरी होत नाही. शाळा-महाविद्यालयांतून नीतिमूल्ये शिकवावीत का, कशी शिकवावीत, याची चर्चा आपल्याकडे अनेक वर्षे चालू आहे. त्या चर्चेने या दोन परीक्षांतला फरक समजून घ्यायला हवा.

तकवा म्हणजे काय

रोजा कशासाठी, याचे उत्तर कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात एका शब्दात आले आहे: तकवा. मराठीत त्याचा अर्थ अनेकदा ‘ईशभय’ असा दिला जातो. पण या शब्दात भीतीपेक्षा भान अधिक आहे. काटेरी वाटेने जाणारा माणूस अंगावरचे कपडे सावरून पाऊल टाकतो, तसे जगणे म्हणजे तकवा, असे जुने उलेमा समजावून सांगत. कोणी पाहत असो वा नसो, माणसाने स्वतःला सावरून चालावे.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली एक गोष्ट मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते रात्री वेश बदलून गस्त घालत असताना एका झोपडीतला संवाद त्यांच्या कानी पडला. आई मुलीला दुधात पाणी मिसळायला सांगत होती. खलिफांनी याला मनाई केली आहे, असे मुलगी म्हणाली. खलिफा इथे कुठे पाहायला आलेत, असे आईचे म्हणणे. त्यावर मुलीचे उत्तर असे होते की उमर पाहत नसतील, पण उमर यांचा पालनकर्ता पाहतो आहे. पुढे हजरत उमर यांनी त्या मुलीला सून करून घरी आणले.

या गोष्टीत खलिफांचा हुकूम आहे आणि गस्तही आहे. पण दूध शुद्ध राहिले ते गस्तीमुळे नाही. गस्त आली आहे हे त्या मुलीला माहीतच नव्हते.

मानसशास्त्रात लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन संशोधकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या, त्यांचा गाभाही याच्याजवळ जातो. मूल आधी शिक्षेच्या भीतीने नीट वागते, मग फायद्यासाठी, मग लोकांनी चांगले म्हणावे म्हणून, मग कायदा आहे म्हणून. सगळ्यात शेवटी, तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही, ते स्वतःला पटलेल्या तत्त्वासाठी नीट वागते. आपला परीक्षेचा बंदोबस्त पहिल्या पायरीवरच उभा आहे. रोजाचा प्रयत्न मुलाला शेवटच्या पायरीपर्यंत नेण्याचा आहे.

माहीत असणे आणि वागणे

पण इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. रोजा ठेवणारे मूल कॉपी करत नाही, असे छातीठोकपणे म्हणता येईल का? परीक्षा केंद्रांचा अनुभव असलेला कोणीही शिक्षक याला हो म्हणणार नाही. पाण्याच्या घोटाला न शिवणारा हात चिठ्ठीकडे जातो. उपवास, एकादशी, पर्युषण कडकडीत पाळणाऱ्या घरांतही हेच होते. प्रश्न एका धर्माचा नाही. आपण माणसे नीतीचे कप्पे करून ठेवतो, हा खरा प्रश्न आहे. पाणी पिणे हे पाप आणि कॉपी करणे ही ‘ॲडजस्टमेंट’, असे दोन कप्पे मुलांना कोणी शिकवले?

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी याबाबत फार स्पष्ट बजावले आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने खाणेपिणे सोडावे याची अल्लाहला काही गरज नाही, असा बुखारी शरीफमधल्या एका हदीसचा आशय आहे. रोजा पोटाचा नसून वागण्याचा आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगणार नाही.

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघा संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना फसवण्याची संधी मिळेल अशा चाचण्या त्यांनी योजल्या: स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणे, खेळातले गुण स्वतः नोंदवणे, घरून चाचणी सोडवून आणणे. 1928 पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले आणि शिक्षणक्षेत्राला धक्का बसला. प्रामाणिकपणा म्हणजे काय हे उत्तम सांगू शकणारी मुले प्रामाणिक वागतातच असे नव्हते. एका ठिकाणी प्रामाणिक असलेले मूल दुसऱ्या ठिकाणी फसवत होते. नीतीचे पाठ ऐकलेल्या मुलांच्या वागण्यात फारसा फरक आढळला नाही.

मात्र याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. ज्या वर्गांत शिक्षक आणि मुलांचे नाते मोकळे, आपुलकीचे होते, तिथे फसवणूक कमी होती. म्हणजे मुलांवर परिणाम होत होता तो वर्गातल्या हवेचा.

मराठवाड्याचा जुना धडा

नीतिशिक्षणाचा प्रयोग मराठवाड्याला नवा नाही. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पुढे शिकायचे तर इथल्या मुलांना 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. उर्दू माध्यमाच्या त्या विद्यापीठात मुस्लिम विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ म्हणजे धर्मशिक्षण आणि बिगरमुस्लिम विद्यार्थ्यांना ‘अखलाकियात’ म्हणजे नीतिशिक्षण असा अनिवार्य विषय असे.

यातला हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. उलट, दुसऱ्याच्या मुलावर आपला धर्म लादायचा नाही, एवढी काळजी त्यात घेतलेली दिसते. विद्यापीठात नीतीला जागा हवी, हा आग्रहही मोलाचा होता. पण व्यवस्थेचा परिणाम पाहा. गणिताला, इतिहासाला, रसायनशास्त्राला एकत्र बसणारी मुले चांगले वागावे कसे हे शिकण्याच्या तासाला मात्र उठून दोन खोल्यांत जात. खरे बोलावे, कोणाचे लुबाडू नये, दुबळ्याला हात द्यावा, हे दोन्ही खोल्यांत सांगितले जात असणार. पण ते एकमेकांदेखत सांगितले जात नव्हते. ज्याच्याशी उद्या बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर व्यवहार करायचा, त्याचीही नीती आपल्यासारखीच आहे, हे कळण्याची संधीच त्या तासाने हिरावून घेतली.

स्वतंत्र भारताने वेगळी वाट निवडली. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देता येणार नाही, असे संविधानाच्या 28 व्या कलमाने ठरवले. अनुदानित संस्थांत ते घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, हेही त्यातच आले. पण धर्मशिक्षण नाही म्हणजे नीतिशिक्षणही नाही का? 1959 च्या श्रीप्रकाश समितीपासून 1964-66 च्या कोठारी आयोगापर्यंत अनेकांनी यावर विचार केला. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मूल्यशिक्षणावरच्या संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. नांदेडमध्ये राजकारणाची मुळे असलेल्या आणि स्वतः उस्मानियात कायदा शिकलेल्या या नेत्याच्या समितीने फेब्रुवारी 1999 मध्ये संसदेला अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया असावीत आणि सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना एकत्र कळावीत, असे या समितीने सुचवले.

त्या विचारावर आधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. अरुणा रॉय खटल्याचा निकाल 12 सप्टेंबर 2002 रोजी लागला. एका धर्माचे विधी आणि उपासना शिकवणे वेगळे आणि धर्मांमधला नीतिविचार अभ्यासणे वेगळे, दुसऱ्या गोष्टीला संविधानाची आडकाठी नाही, असा त्याचा सारांश. हे शिकवताना अतिशय सावध राहिले पाहिजे, हेही न्यायालयाने बजावले. उस्मानियाच्या दोन खोल्यांचे दार या निकालाने मधून उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

दहा मूल्ये आणि वीस मिनिटे

महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षण म्हटले की शिक्षकांना दहा मूल्ये तोंडपाठ असतात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. यादी उत्तम आहे. तिच्यावर कोणत्याही धर्माच्या माणसाला आक्षेप घेता येणार नाही. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा क्रम ठरलेला असतो. वीसेक मिनिटांत सारे आटोपते आणि मुले रांगेने वर्गात जातात.

अडचण पुढे सुरू होते. परिपाठात वक्तशीरपणाचा सुविचार फळ्यावर लिहिला जातो आणि पहिल्या तासाचे शिक्षक वीस मिनिटे उशिरा येतात. श्रमप्रतिष्ठेची बोधकथा सांगून झाल्यावर झाडू ठरावीक मुलींच्याच हातात दिला जातो. समानतेचा दिनविशेष वाचला जातो आणि नापास झालेल्या मुलाला चारचौघांत ‘ढ’ म्हटले जाते. मुले फळा वाचतात तशी माणसेही वाचतात. फळ्यावरचे आणि माणसांतले जुळले नाही, तर ती माणसांवर विश्वास ठेवतात.

आणि वर्षाच्या शेवटी बोर्डाची परीक्षा येते. ती मराठवाड्यातला सर्वांत मोठा मूल्यशिक्षणाचा तास ठरते, दुर्दैवाने उलट्या दिशेने. ज्या शाळेत वर्षभर परिपाठ झाला, तिथेच खिडकीतून चिठ्ठ्या येतात. कधी नातेवाईक भिंतीवर चढलेले असतात, कधी शिकवणारेच उत्तरे सांगतात. सगळीकडे असे नाही. अनेक केंद्रे स्वच्छ असतात आणि अनेक शिक्षक गावाची नाराजी पत्करून ताठ उभे राहतात. पण जिथे हे घडते, तिथल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावर काय कोरले जाते? मोठी माणसे जे बोलतात ते सुविचारापुरते असते, काम मात्र असे करायचे असते. दहा वर्षांचा परिपाठ या तीन तासांत पुसला जातो.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात 2010 च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीविरुद्ध जिल्ह्याची सारी यंत्रणा उभी केली. हा प्रयोग पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. पहिल्या फटक्यात निकाल घसरले आणि अनेक शाळांचे खरे चित्र समोर आले. त्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली: प्रशासनाने मनावर घेतले तर कॉपी थांबते. दुसरी गोष्ट त्यानंतरच्या वर्षांनी सिद्ध केली. पहारा सैल झाला की ती परत येते. आज भरारी पथकांची संख्या वाढवावी लागते, ड्रोन आणावे लागतात, यातच ते आले. बंदोबस्त हवाच. दुखणे बळावले असताना औषध टाळता येत नाही. पण आयुष्यभर औषधावर राहणाऱ्या माणसाला कोणी निरोगी म्हणत नाही.

कॉपीमागे केवळ आळस नाही, हेही मान्य करायला हवे. निकालाच्या टक्केवारीवर शाळेची पत आणि पुढच्या वर्षीची पटसंख्या ठरते. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात. आहेत त्यांच्यावर सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे असते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांचे शाळेतले महिनेच्या महिने बुडतात. न शिकवलेल्या मुलाला परीक्षेला बसवले जाते आणि मग त्याच्यावर दया म्हणून चिठ्ठी पुरवली जाते. ही दया नव्हे. ती त्याच्या वाट्याचे शिक्षण न दिल्याची झाकपाक आहे.

डिसेंबर 2024 नंतरचा परिपाठ

26 जानेवारी 2020 पासून राज्यातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे रोज वाचन करावे, असे शासनाने ठरवले. परभणीतली मुलेही ते करत आली आहेत. 10 डिसेंबर 2024 रोजी याच शहरात, रेल्वे स्टेशनजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. परभणीचे नाव देशभर गेले.

या घटनेचा न्याय न्यायालये करतील. शाळांपुढचा प्रश्न वेगळा आहे. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा परिपाठात मुलांनी न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द पुन्हा म्हटले असतील. त्यांच्यापैकी काहींनी दगड पाहिले होते, काहींच्या गल्लीत पोलीस आले होते. त्या दिवशी एखाद्या वर्गात शिक्षकाने पुस्तक मिटून विचारले असेल का, की जे झाले त्याबद्दल तुम्हाला काय वाटते? राग आला तर तो कसा मांडायचा? गुन्हा एकाचा असेल तर शिक्षा किती जणांना? सत्तेच्या हातात काठी असते तेव्हा तिला कोणते नियम असतात? ज्या वर्गांत हे प्रश्न विचारले गेले, तिथे मूल्यशिक्षण झाले. बाकीच्या ठिकाणी पाठांतर झाले.

असे प्रश्न विचारायला शिक्षकाला धैर्य लागते आणि पाठीशी उभी राहणारी व्यवस्था लागते. एखादा पालक गैरसमज करून घेईल, कोणी व्हिडिओ काढेल, वरून नोटीस येईल, या भीतीने शिक्षक गप्प बसतो. नीती शिकवणाऱ्यालाच भीती वाटत असेल तर मुले भीतीच शिकतात.

बीडपासून विद्यापीठापर्यंत

वाट दिसत नाही असे नाही. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2009 मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या सोबतीने तो इतर जिल्ह्यांतही पोचला. त्यात उपदेशाला जागा कमी आहे. मुले जोडीने, गटाने बसतात, एकमेकांचे ऐकतात आणि वर्गाचे नियम स्वतः ठरवतात. नियम मोडला तर काय करायचे, हेही तीच ठरवतात. मूल्ये कोणत्या एका धर्मग्रंथातून न घेता संविधानातून घेतलेली आहेत. फातिमा आणि जनाबाई एका जोडीत बसून न्याय म्हणजे काय यावर बोलतात, तेव्हा उस्मानियाच्या दोन खोल्या एक होतात.

यासाठी मोठा निधी लागतो असेही नाही. आठवड्याची छोटी चाचणी पर्यवेक्षकाशिवाय घ्यावी आणि तिचे गुण मुलांनी स्वतः तपासून लिहावेत. सुरुवातीला काही जण फसवतील. त्यांना शिक्षा न करता पुन्हा विश्वास टाकावा. ‘मला येत नाही’ असे खरे सांगणाऱ्या मुलाला वर्गात हसू नये. चुकलेल्या शिक्षकाने फळ्यावरची चूक मुलांसमोर पुसावी आणि चूक झाली असे म्हणावे. अशा बारीक गोष्टींतून वर्गाची हवा बदलते.

विद्यापीठांत आल्यावर प्रश्न सुटतो असे नाही, फक्त चिठ्ठीची जागा ‘कॉपी-पेस्ट’ घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दुर्लक्षित होते. चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. साठपर्यंत असेल तर वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. 2019 पासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन नीतीचा अभ्यासक्रम आवश्यक झाला. त्याच वर्षी आयोगाने ‘मूल्य प्रवाह’ ही मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण इथेही तीच गत. सॉफ्टवेअर किती टक्के सांगते एवढेच पाहिले जाते आणि शब्द फिरवून टक्केवारी खाली आणून देणारी दुकाने निघतात. पहाऱ्याला उत्तर म्हणून पळवाट तयार होते.

संशोधनातला प्रामाणिकपणा कोणासाठी, हे परभणीत समजावून सांगणे सोपे आहे. 1972 मध्ये इथे कृषी विद्यापीठ सुरू झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण याच विद्यापीठातून आला. असा वाण शिफारशीपर्यंत पोचतो तो शिवारातल्या प्रयोगांमध्ये वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींच्या आधारावर. भर उन्हात प्लॉटवर उभे राहून कणसे मोजणाऱ्या विद्यार्थ्यामागे कोणी पर्यवेक्षक उभा नसतो. त्याने कंटाळून सावलीत बसून आकडे भरले तर त्या दिवशी कोणालाच कळणार नाही. पण त्या आकड्यांवर विसंबून पालम किंवा सोनपेठचा एखादा कोरडवाहू शेतकरी उसनवारीने बियाणे घेतो. इथे कॉपीची किंमत त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते.

2024 मध्ये नीट परीक्षेच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा मराठवाड्यातले कष्टाळू पालक हादरले. डॉक्टर होण्याची वाटच विकत मिळत असेल, तर त्या डॉक्टरच्या हातात उद्या कोणाची नाडी असणार आहे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात आला. तो प्रश्न दहावीच्या पहिल्या चिठ्ठीलाही विचारायला हवा होता.

मोंढ्यातली रास

पैगंबर (स.) एकदा बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे सांगितले. हदीसमधला हा प्रसंग परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनची आणि तुरीची आवक पाहिलेल्या कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्यात नमाज-रोजाचा उल्लेख नाही, आहे तो फक्त व्यवहार. आणि ‘आपल्यातला नाही’ हे शब्द ओले धान्य लपवणाऱ्यासाठी आहेत.

शाळेचा निकाल हीसुद्धा एक रासच आहे. वर नव्वद टक्क्यांचे कोरडे दाणे आणि आत वाचता-लिहिता न येणारी ओल. पालकांनी, शिक्षकांनी, संस्थाचालकांनी त्या राशीत एकदा हात घालून पाहायला हवा. आत ओल असेल तर ती वर आणून ठेवायला हवी. निकाल कमी लागला तरी चालेल, असे म्हणणारे दहा पालक ज्या गावात निघतील, त्या गावात पथकाची गाडी थांबण्याची गरज उरणार नाही.

रमजान आता उतरणीला लागेल. घराघरांत जकातीचा हिशेब होईल. वर्षभराच्या शिलकीतला अडीच टक्के हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढायचा असतो. तोही कोणी अधिकारी येऊन मोजत नाही, ज्याचा त्याने मोजायचा असतो. त्या रात्री वही-पेन घेऊन बसलेल्या बापाजवळ त्याचे परीक्षा देणारे मूल बसू द्यावे. बाप दागिने, रोकड, येणे-देणे खरेखरे लिहितो की काही विसरल्यासारखे करतो, हे त्याला दिसू द्यावे. त्या वर्षीचा नीतिशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा तास तोच असेल.